अर्ध्या तासात २४ लाख कोटी

१४ मार्च २०१८. लोकसभेत विरोधी सदस्य फलक घेऊन अध्यक्षांच्या आसनासमोर उतरलेले, घोषणांमुळे कुणाचे काही ऐकू येत नाही. त्या गदारोळातच अध्यक्ष सुमित्रा महाजन एकामागून एक प्रश्न मताला टाकत जातात. अनुदानाच्या, म्हणजे सरकारी खात्यांच्या खर्चाच्या, ९९ मागण्या एकत्रच. अनुकूल असतील त्यांनी ‘हाँ’ म्हणावे, प्रतिकूल असतील त्यांनी ‘ना’. आवाजी मतदान, मंजूर. मग तो पैसा तिजोरीतून काढू देणारे विनियोजन विधेयक, मंजूर. वित्त विधेयक, तेही मंजूर. चर्चा शून्य मिनिटे, सगळे मिळून सुमारे अर्धा तास.

त्या वर्षीच्या अर्थसंकल्पातला एकूण खर्च होता २४ लाख ४२ हजार कोटी रुपये. अर्ध्या तासाचे सेकंद १,८००. भागाकार केला की सेकंदाला साधारण १,३५० कोटी येतात. लोकसंख्या १३५ कोटी धरली, तर माणशी १८ हजार रुपये. पाच जणांच्या घरामागे ९० हजार.

वित्त विधेयकात २१ दुरुस्त्या होत्या. त्यांतली एक राजकीय पक्षांना मिळालेल्या परदेशी देणग्यांबद्दलची, आणि तिचा अंमल थेट ५ ऑगस्ट १९७६ पासून! बेचाळीस वर्षे मागे जाणारा बदल, आणि त्यावर एका शब्दाचीही चर्चा नाही. मला आकड्यांपेक्षाही हे जास्त खुपते.

मागण्या अशा चर्चेविना एकदम मताला टाकण्याला संसदेत ‘गिलोटिन’ म्हणतात. नियम २०८ प्रमाणे मागण्यांसाठी ठरवलेल्या शेवटच्या दिवशी अध्यक्ष उरलेले सगळे प्रश्न लगेच मताला टाकतात. ही तरतूद मुळात रास्त आहे. ३१ जानेवारी १८८१ रोजी ब्रिटिश संसदेत आयरिश सदस्यांनी सरकारचे दडपशाहीचे विधेयक अडवायला भाषणे सुरू केली, ती सलग साडेएकेचाळीस तास. वाद थांबवण्याचा नियमच नव्हता; तिसऱ्या दिवशी सकाळी सभापती हेन्री ब्रँड यांनी स्वतःच्या अधिकारात तो बंद केला. बोलणे कधीतरी संपवावेच लागते.

पण ते आधी सुरू तर व्हायला हवे! २०१८ मध्ये ९९ मागण्यांना प्रत्येकी एक तास दिला असता, तर रोज सहा तास कामाने १७ दिवस लागले असते. अधिवेशन ६ एप्रिलपर्यंत होते. सुट्ट्या धरून हाती २३ दिवस होते. त्यांतले बहुतेक पुढे गोंधळातच वाहून गेले. दोष एकट्या सत्ताधाऱ्यांचा नाही, फलक धरणाऱ्यांचाही आहे. स्थायी समित्या मागण्या तपासतात हे खरे, पण समितीचा अहवाल सरकारवर बंधनकारक नसतो आणि मत सभागृहातच पडते.

दरवर्षी मार्चमध्ये हे पुन्हा घडू शकते. तेव्हा फेब्रुवारीतच आपल्या खासदाराला पत्र लिहून विचारा : यंदा कोणत्या खात्याच्या मागणीवर बोलणार आहात, आणि कोणती कपात सूचना (मागणीची रक्कम कमी करण्याचा प्रस्ताव) देणार आहात?