गिटारचे अंग कोणत्या धातूचे असावे?



इलेक्ट्रिक गिटार स्वतः तयार करावी, आणि तिचे अंग लाकडाऐवजी धातूचे करावे, असा बेत घेऊन वरच्या वर्गातील मुले आमच्याकडे येतात. उद्यमबागेतील फाउंड्री आणि मशीन शॉप हाकेच्या अंतरावर असलेल्या गावातील मुलांना असे वाटणे स्वाभाविक आहे. पण हौस, पैसा आणि सुरक्षितता या तिन्ही गोष्टी यात गुंतलेल्या आहेत. म्हणून या अंकात आम्ही हा विषय थोडा सविस्तर मांडत आहोत.

प्रथम एक भेद समजून घ्यावा. मिरजेची सतार वाजते तेव्हा तारेचे कंपन घोडीतून तबलीवर आणि भोपळ्यात उतरते व तेथे नाद मोठा होतो. तेथे भोपळा आणि लाकूड हेच सर्वस्व आहे. इलेक्ट्रिक गिटारचे तसे नाही. तिच्या तारांखाली चुंबक आणि तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे असते. त्याला पिकअप म्हणतात. पोलादी तार कंप पावली की चुंबकीय क्षेत्र बदलते आणि वेटोळ्यात वीज निर्माण होते. फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवलेले विद्युतचुंबकीय प्रवर्तन ते हेच. ही अगदी लहान वीज अॅम्प्लिफायर मोठी करतो. त्यामुळे अंगाचे मुख्य काम नाद घुमवण्याचे नसून तारांचा ताण न वाकता पेलण्याचे आहे. अंगाच्या द्रव्याने आवाजात किती फरक पडतो यावर वादकांत आजही वाद आहेत. परंतु वजन, गंज, उष्णता आणि वीज यांत पडणारा फरक मोजता येतो. निवड त्यावरच करावी.

धातूची गिटार ही नवी टूम नाही. गिटारला विजेची जोड नव्हती तेव्हा आवाज मोठा करण्यासाठी जॉन डोपेरा आणि जॉर्ज बोशांप यांच्या नॅशनल कंपनीने अमेरिकेत १९२७ च्या सुमारास जर्मन सिल्व्हरच्या अंगाची गिटार काढली. तिच्या आत अॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्याचे तीन शंकू बसवलेले होते. पुढे बोशांप यांनी अॅडॉल्फ रिकनबॅकर यांच्या साथीने १९३२ मध्ये ओतीव अॅल्युमिनियमची विजेवरची हवाई गिटार बाजारात आणली. गोल अंग आणि लांब दांडी यामुळे तिला 'फ्राइंग पॅन', म्हणजे आपल्या भाषेत दांडीचा तवा, हे नाव पडले. बाजारात यशस्वी ठरलेली पहिली इलेक्ट्रिक गिटार ती हीच. पण मंचावरील दिव्यांच्या उष्णतेने अॅल्युमिनियम प्रसरण पावे आणि लावलेले सूर हलत. १९७४ पासून ट्रॅव्हिस बीन यांनी अॅल्युमिनियमच्या मानेच्या गिटारी केल्या. ती मान थंड लागते, अशी तक्रार वादक करीत. धातू हाताची उष्णता लवकर ओढून घेतो, हे त्याचे कारण.

आता हिशेब करू. गिटारच्या अंगाचे आकारमान सुमारे ४ लिटर धरा. दर घनसेंटिमीटरला अशा लाकडाचे वजन साधारण ०.५५ ग्रॅम, अॅल्युमिनियमचे २.७, पोलादाचे ७.८५ आणि पितळेचे सुमारे ८.५ ग्रॅम असते. म्हणजे भरीव लाकडी अंग २.२ किलो, अॅल्युमिनियमचे १०.८ किलो, पोलादाचे ३१ किलो आणि पितळेचे ३४ किलो होईल! भरीव धातूची गिटार खांद्यावर घेणे शक्य नाही. अंग पोकळच हवे.

पोकळ अंगाला सुमारे २५०० चौरस सेंटिमीटर पत्रा लागतो असे समजा. २ मिलिमीटर जाडीचा अॅल्युमिनियमचा पत्रा घेतल्यास वजन १.३५ किलो, तर १.२ मिलिमीटरचा पोलादी पत्रा घेतल्यास २.३५ किलो भरते. त्याच जाडीची पितळ घेतली तर २.५५ किलो. हे तिन्ही आकडे पेलण्याजोगे आहेत.

आता एकेका धातूचे गुणदोष पाहू.

पोलाद स्वस्त आहे, मजबूत आहे आणि त्याचे वेल्डिंग गल्लीतला कारागीरही करतो. मात्र आपल्याकडील पावसाळा आणि हाताचा घाम यांनी ते गंजते. रंग किंवा लॅकर द्यावेच लागते. शिवाय पोलाद चुंबकाला ओढते, त्यामुळे पिकअपजवळचे चुंबकीय क्षेत्र बदलते.

पितळ दिसायला देखणी, पण जड आणि महाग. घरातील तांब्या-समईप्रमाणे ती काळवंडते आणि दरवेळी चिंच लावून घासावी लागते. गिटार काही चिंचेने घासता येणार नाही.

अॅल्युमिनियम हलके आहे, चुंबकाला ओढत नाही, आणि त्यावर स्वतःचाच ऑक्साइडचा थर चढत असल्याने ते पोलादासारखे गंजत नाही. मात्र त्याला आर्गॉन वायूचे वेल्डिंग आणि सरावलेला हात लागतो. त्यात पाडलेले आटे लवकर झिजतात. उष्णतेने ते पोलादाच्या जवळजवळ दुप्पट वाढते. २० अंश तापमान वाढले तर एक मीटर अॅल्युमिनियम सुमारे अर्धा मिलिमीटर लांबते, पोलाद पाव मिलिमीटर. आणखी एक गोष्ट. अॅल्युमिनियमच्या नळीतून चुंबक सोडला तर तो सावकाश खाली येतो, हा प्रयोग प्रयोगशाळेत करून पाहता येतो. नळीत निर्माण होणारे भोवरा प्रवाह त्याला रोखतात. तेच प्रवाह पिकअपला चिकटून असलेल्या पत्र्यात निर्माण झाले तर वरच्या पट्टीतील स्वरांची धार कमी होते. म्हणून पिकअपभोवती जागा मोकळी सोडावी आणि तो लाकडाच्या किंवा प्लास्टिकच्या पट्टीवर बसवावा.

या सर्वांचा विचार करता पहिल्या कामासाठी आमचा सल्ला असा: २ मिलिमीटर अॅल्युमिनियमचे पोकळ अंग घ्यावे आणि त्याच्या मध्यभागी ४० सेंटिमीटर लांब, ९ सेंटिमीटर रुंद, ४ सेंटिमीटर जाड असा लाकडी ठोकळा बसवावा. मान आणि घोडी या ठोकळ्यालाच स्क्रूने जोडावी. तारांचा ताण लाकूड घेईल, पत्रा फक्त अंगाचा आकार देईल. ठोकळ्याचे वजन सुमारे ८५० ग्रॅम धरले तर एकूण २.२ किलो, म्हणजे लाकडी अंगाइतकेच होते. मान तयार विकत घ्यावी. पत्रा कापण्याआधी पुठ्ठ्याचे अंग करून ते मांडीवर आणि खांद्यावर घेऊन पाहावे.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. धातूचे अंग अॅम्प्लिफायरच्या अर्थिंगला जोडावेच लागते, नाहीतर गुणगुण थांबत नाही. पण याच जोडणीमुळे अर्थिंग खराब असेल तर संपूर्ण गिटारमध्ये वीज उतरू शकते, आणि धातूची गिटार तर छातीपोटाला टेकलेली असते. १९७२ मध्ये स्कॉटलंडचे प्रसिद्ध वादक लेस हार्वी यांनी स्वान्सी येथील कार्यक्रमात हातात गिटार असताना अर्थिंग नसलेल्या मायक्रोफोनला हात लावला आणि मंचावरच त्यांचा मृत्यू झाला. म्हणून प्लगची तिसरी पिन कधीही कापू नये, वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावे, आणि बोर्डावर ३० मिलिअँपिअरला तुटणारा सुरक्षा स्विच असावा. ओल्या मंचावर वाजवूच नये. शाळेच्या कार्यक्रमात हे तपासल्याशिवाय कोणाचीही विजेची गिटार जोडली जाणार नाही, याची विद्यार्थ्यांनी नोंद घ्यावी.

पालकांना एक विनंती. "हे काय नसते उद्योग" म्हणून मुलांना लगेच थांबवू नये. मिरजेत सतार-तंबोरे घडवणारी घराणी मूळची शिकलगारांची, म्हणजे शस्त्रांना धार लावणाऱ्यांची. शस्त्रांची मागणी घटली तेव्हा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फरीदसाहेब शिकलगार यांनी वाद्ये घडवण्यास हात घातला. त्याच मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. धातूवर बसलेला हात वाद्याकडे वळला, तो असा. वजनाचा हिशेब, पत्र्याची मापे आणि विजेचे नियम मुले पुस्तकात शिकतातच. ते हाताने करून पाहण्याची संधी मिळाली, तर ती त्यांना द्यावी. ज्या विद्यार्थ्यांना हे काम करायचे असेल त्यांनी आधी वहीत वजनाचा आणि खर्चाचा हिशेब मांडून विज्ञान शिक्षकांना दाखवावा. हिशेब बरोबर असेल, तर पत्रा कापायला हरकत नाही.