काट्याची वाट वेगळी हवी



उसाचे वजन झाले की आकडा काट्याच्या संगणकातून तारेने हिशेब विभागाकडे जातो. त्याच जाळ्यावर ऊसनोंदणी, भांडार आणि विश्रामगृहात उतरलेल्या पाहुण्यांचे मोबाईलही जोडलेले असले, तर पाहुण्याच्या यंत्रातला विषाणू काट्यापर्यंत यायला कितीसा वेळ? टनाचा आकडा आपला आहे, म्हणून हे सभासदांनी समजून घ्यावे.

कामानिमित्त मुंबईस गेलो असता आम्ही गिरगावाजवळच्या लॅमिंग्टन रोडवर मुद्दाम चक्कर मारली. कागदोपत्री तो डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. पण संगणकाचे सामान घेणारा जुनेच नाव घेतो. तिथे स्विच पाहिले. स्विच म्हणजे संगणकांच्या तारा एकत्र आणणारी पेटी. साधी पेटी सगळ्यांना एकाच अंगणात सोडते. 'मॅनेज्ड' पेटीत मात्र गट पाडता येतात. त्यालाच व्ही-लॅन म्हणतात.

दादर स्टेशन पाहिलेल्यांना हे चटकन उमजेल. स्टेशन एक, रेल्वे दोन. माणसे पुलावरून इकडची तिकडे होतात, पण विरारची लोकल कल्याणच्या फलाटाला लागत नाही. पूर्वी दोन्हीकडे एक नंबरचा फलाट होता, नवखा माणूस हमखास चुकायचा. डिसेंबर 2023 पासून पश्चिमेचे 1 ते 7 आणि मध्यचे 8 ते 14 असे सलग नंबर झाले.

व्ही-लॅनलाही 1 ते 4094 मधला नंबर देतात. समजा काट्याला 10, कार्यालयाला 20, पाहुण्यांना 30. मग तार खोचायच्या कोणत्या जागेला, म्हणजे पोर्टला, कोणता गट ते पेटीत भरायचे. 1 नंबर वापरू नये. नव्या पेटीची सगळी पोर्ट बहुधा त्यातच असतात. काट्याची पेटी आणि कार्यालयाची पेटी यांना जोडणाऱ्या एकाच तारेतून सर्व गटांची माहिती जाते, तिला ट्रंक म्हणतात. तिथे माहितीच्या प्रत्येक पुडक्यावर गटाच्या नंबराची चिठ्ठी लागते, ट्रॉलीबरोबर आपली स्लिप येते तशी. या चिठ्ठीचा नियम, 802.1 क्यू, 1998 साली मंजूर झाला. त्यामुळे निरनिराळ्या कंपन्यांच्या पेट्यांना एकमेकींची चिठ्ठी वाचता येते.

मात्र गट पाडले की काटा आणि हिशेब यांचेही बोलणे तुटते. तिथे राउटरचा पूल घालावा लागतो आणि पुलावर पहारा: काट्याचा आकडा हिशेबाकडे जावा, पाहुण्यांकडून कोणी येऊ नये. गट पाडले आणि पूल उघडाच ठेवला, तर पैसे खर्चून मिळवले काय? शिवाय भरलेली मांडणी पेटीत कायमची जतन करायला सांगावे. नाहीतर लाईट गेली की पुष्कळ पेट्या सगळं विसरतात, आणि आपल्याकडे लाईट जाते, बरं का!

काटाच खोटा असेल तर व्ही-लॅन काही करू शकत नाही. ते काम वैधमापन खात्याच्या तपासणीचे. पण वजन खरे झाल्यावर वाटेत कोणी हात घालू नये, एवढी सोय यात आहे. जोडणी झाल्यावर विश्रामगृहाच्या वाय-फायवरून काट्याचा संगणक सापडतो का, हे संगणक विभागाकडून सभासदांसमोर करून घ्यावे. सापडता कामा नये.