आठवड्याची गोळी

अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटी हे नाव २०२३ सालच्या उपोषणामुळे महाराष्ट्रभर झाले. आज आम्ही ते घेतो ते निराळ्या कारणासाठी. कापूस वेचणारी बाई पहाटे उठते, तासभर तिची बोटे वळत नाहीत, दोन्ही मनगटे सुजलेली असतात; हे दुखणे तेथे, किंबहुना मराठवाड्यातील कोणत्याही गावात, 'वात' या एका शब्दात गुंडाळले जाते. परंतु त्यातील ऱ्हुमॅटॉइड संधिवात हा वयाचा भोग नव्हे. शरीराची संरक्षक शक्तीच सांध्यांवर उलटते, आणि उपचारास विलंब झाल्यास बोटे कायमची वाकडी होतात.

त्यावर जगभर प्रथम दिले जाणारे औषध मेथोट्रेक्सेट. ते गुणकारी आहे, फारसे महागही नाही. मात्र घ्यावयाचे ते आठवड्यातून एकदाच. रक्तदाबाची गोळी रोज, मधुमेहाची रोज, मग हीच का नको, असा साधा हिशेब घरोघर होतो आणि तो जिवावर बेततो. रोज घेतल्यास तोंड फोडांनी भरते, अस्थिमज्जेतील रक्तनिर्मिती खुंटते व किरकोळ संसर्गानेही माणूस दगावतो. योग्य मात्रेतही रक्त व यकृत यांची वेळोवेळी तपासणी हवी, जोडीला फॉलिक आम्ल हवे, दारू टाळावी. गर्भवतीने तर हे औषध घेऊच नये. तथापि या भीतीने गोळी परस्पर सोडणारांचे सांधेही वाचत नाहीत.

दुसरा धोका अधिक गोड. १९४८ साली अमेरिकेत फिलिप हेंच यांनी कॉर्टिझोन टोचताच अंथरुणास खिळलेली रुग्ण काही दिवसांत चालू लागली. १९५० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच कुळातील स्टेरॉइडे डॉक्टरांच्या देखरेखीखाली थोडे दिवस उपयोगीच पडतात. पण बिननावाच्या 'वाताच्या पुड्यां'तही ती मिसळलेली आढळली आहेत. चार दिवसांत आराम पडतो, म्हणून पुडी देणाराला देवमाणूस म्हणतात! पुढे चेहरा सुजतो, साखर चढते, हाडे ठिसूळ होतात, आणि पुडी एकाएकी थांबविल्यास प्राणावर येते.

आमची मागणी लहान आहे. औषधविक्रेत्याने मेथोट्रेक्सेटच्या पाकिटावर ठसठशीत मराठीत वार लिहून द्यावा: 'फक्त सोमवारी'. आशाताईंनी तो वार घरातील शिकत्या मुलाकडून वाचून घ्यावा. आणि या रुग्णांचे रक्त प्राथमिक आरोग्य केंद्रातच घेतले जावे. तपासणीपायी दिवसाची मजुरी बुडत असेल, तर ती बाई दुसऱ्या खेपेस येणार नाही.