टँकर सोडून नळावर येताना

सात वर्षे आमच्या देगा टँकरच्या पाण्यावर शिजल्या. गिरीजमध्ये आमचा छोटा भटारखाना आहे. वलीमा, अकीका आणि रमजानात इफ्तारीची कामे घेतो. आवारात विहीर आहे, पण उन्हाळा लागला की तिचे पाणी मचूळ होते. त्यामुळे पिण्याचे आणि शिजवण्याचे पाणी विकतच घ्यावे लागले. आता नळजोडणीसाठी अर्ज केला आहे. घरचाच धंदा करणाऱ्या आमच्यासारख्या कुटुंबांना उपयोग होईल म्हणून ही तयारी इथे मांडत आहोत.

इंग्लंडमध्ये एप्रिल 2017 पासून दुकानदारांना आणि कारखानदारांना पाण्याची कंपनी बदलता येते. नळ तोच, पाणी तेच, फक्त बिल पाठवणारा वेगळा. आपल्याकडे पुरवठादार बदलला की पाणीच बदलते. म्हणून तयारी कागदांपेक्षा हौदापासून सुरू करावी लागते.

वसईच्या पश्चिम पट्ट्यात विहिरींना आणि बावखलांना कधी तोटा नव्हता. वाळूच्या थरात पावसाचे गोडे पाणी साठते आणि खाली समुद्राचे खारे पाणी असते. गोडे पाणी बेसुमार उपसले की खालचे खारे वर चढते. नव्या इमारतींना टँकरने पाणी पुरवण्यासाठी इथल्या विहिरी उपसल्या जाऊ लागल्या, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समितीने त्याविरुद्ध मोठे आंदोलन उभे केले होते. आम्हीही टँकरचेच गिऱ्हाईक. आपल्या हौदात पडणारे पाणी कोणाच्या वाडीतून उपसून आणले आहे, हे आम्ही सात वर्षांत एकदाही विचारले नाही. हे कबूल केलेले बरे.

नळाचे पाणी तरी कुठून येते? पालघर जिल्ह्यातील सूर्या नदीवरच्या धामणी धरणातून. सूर्या प्रादेशिक योजना दिवसाला 40.3 कोटी लिटरची आहे. त्यातले 18.5 कोटी लिटर वसई-विरारसाठी आणि 21.8 कोटी मीरा-भाईंदरसाठी आहे. मूळ प्रकल्प प्रामुख्याने सिंचनासाठी होता, आणि आमच्या शेतीचे पाणी शहराकडे का नेता, हा तिथल्या शेतकऱ्यांचा प्रश्न अजून जिवंत आहे. अब्बांनी हे ऐकले तेव्हा एवढेच म्हणाले, "मग नळाखाली भांडे घासताना तोटी बंद ठेवा." वाहत्या नदीकाठी वुजू करतानाही पाण्याचा इस्राफ नको, ही पैगंबर साहेबांची (स.) शिकवण त्यांनी आम्हाला लहानपणापासून दिली आहे.

पहिले काम मोजणीचे. दिवसाला किती पाणी लागते, हे आम्हाला "एक टँकर, दोन टँकर" याच भाषेत ठाऊक होते. आमचा हौद आतून 3 मीटर लांब आणि 2 मीटर रुंद आहे. म्हणजे पाणी एक सेंटीमीटर उतरले की 60 लिटर खर्च झाले. भिंतीवर रेघा मारल्या आणि रोज सकाळ-संध्याकाळ वहीत आकडा लिहिला. पाचशे माणसांच्या एका वलीम्याला पाणी सुमारे 100 सेंटीमीटर उतरले, म्हणजे 6,000 लिटर. त्यातले निम्म्याहून अधिक भांडी धुण्यात गेले होते.

याच रेघांनी दुसरी गोष्टही दाखवली. 10,000 लिटरच्या टँकरने हौद 166 सेंटीमीटरच्या वर चढायला हवा होता, पण तो 150 वरच थांबला. धाकटा भाऊ भडकला. माप मारणाऱ्यांविषयी कुरआनात एक संपूर्ण सूरह आहे, याची आठवण त्याने टँकरवाल्याच्या तोंडावर करून द्यायचे ठरवले. अम्मीने त्याला अडवले आणि पुढचा टँकर येईपर्यंत थांबायला सांगितले. तो आला तेव्हा नीट पाहिले. फाटकाजवळ चढ आहे. मागची बाजू वर राहील असा टँकर उभा राहत होता, तोटी मागे होती, त्यामुळे पुढच्या भागात पाणी तसेच शिल्लक राहत होते. टँकर फिरवून लावला, तर हौद 164 पर्यंत चढला. सात वर्षांचे ते पाणी कुणी चोरले नव्हते, ते दर खेपेला परत जात होते. तोंडातून शब्द निघाला असता तर परत घेता आला नसता.

खरी परीक्षा अर्जाच्या वेळी झाली. जागामालकाची घरगुती जोडणी आधीपासून आहे. ते आपुलकीने म्हणाले, "वेगळा अर्ज कशाला? आमच्याच नळाला पाइप जोडा, बिल वाटून घेऊ." व्यावसायिक दर घरगुती दरापेक्षा जास्त असतो, त्यामुळे मोह पडला. दोन रात्री घरात हाच विषय होता. शेवटी भाभीने विचारले, "गिऱ्हाइकाला हलाल म्हणून जे वाढतो, ते चुकवलेल्या दराच्या पाण्यात शिजवायचे का?" त्यानंतर व्यावसायिक जोडणीचाच अर्ज भरला.

गिरीजसारख्या ठिकाणी नळाला दाब कमी असतो, म्हणून थेट नळाच्या लाइनला मोटर बसवण्याचा सल्लाही मिळाला. ही चूक कोणी करू नये. मोटर शेजाऱ्याच्या वाट्याचे पाणी ओढते, आणि जलवाहिनीला कुठे गळती असेल तर बाहेरची घाणही आत खेचते. नळाचे पाणी स्वतःच्या दाबाने जमिनीखालच्या हौदात पडू द्यावे आणि तिथून मोटरने वर चढवावे.

पाणी रोज येईलच असे धरून चालू नये. मदीनेतील रूमा विहिरीची हकीकत सीरतच्या पुस्तकांत येते. मालक पाणी विकायचा. हजरत उस्मान (रजि.) यांनी आधी निम्मा हिस्सा विकत घेतला आणि दिवस वाटून घेतले. लोक त्यांच्या दिवशी दोन दिवसांचे पाणी भरून ठेवू लागले. पुढे त्यांनी उरलेला हिस्साही घेऊन विहीर सर्वांसाठी खुली केली. विहीर वक्फ करण्याची आमची ऐपत नाही, पण दोन दिवसांचे पाणी भरून ठेवणे जमण्यासारखे आहे. हौद मुहर्रममध्ये, कामे कमी असताना, रिकामा करून घासायचा आणि ब्लीचिंग पावडरने धुऊन घ्यायचा, असे ठरले आहे.

विहीर बंद करणार नाही. तिचे पाणी फरशी, संडास आणि वुजूसाठी ठेवू. मचूळ असले तरी ते पाक आहे. समुद्राच्या पाण्यानेही वुजू होतो. मात्र विहिरीचा आणि नळाचा पाइप कुठेही एकमेकांना जोडायचा नाही, मध्ये व्हॉल्व्ह ठेवूनही नाही. व्हॉल्व्ह झिजतो आणि कळतही नाही.

विहिरीचे, टँकरचे आणि शेजारच्या नळाचे, असे तिन्ही नमुने प्रयोगशाळेत दिले. भारतीय मानकानुसार विरघळलेले क्षार लिटरला 500 मिलिग्रॅमपर्यंत असावेत. दुसरा स्रोत नसेल तर 2,000 पर्यंत चालवून घेतात. नळाच्या पाण्यात क्लोरिन किमान 0.2 मिलिग्रॅम असावे लागते. अन्नाचा धंदा करणाऱ्याने पिण्यायोग्य पाणीच वापरायचे, हा कायदाच आहे, त्यामुळे अहवाल जपून ठेवावेत.

अहवालात नसलेली एक गोष्ट आमच्या बावर्चीने सांगितली. शेजारच्या नळाच्या पाण्यात त्याने चणे भिजवले, तर ते लवकर शिजले आणि फुटले. जड पाण्यातला चुना डाळी-कडधान्यांचे साल घट्ट करतो. सात वर्षे बसलेला हात आता बदलावा लागेल. मिठाचेही तेच. टँकरचे पाणी किंचित खारे असल्याने त्याचा हात आखडता झाला आहे. म्हणून मोठे काम घेण्याआधी छोट्या पातेल्यात तीन वेळा यखनी करून पाहायची आहे. भाभीने ती चाखायला शेजारणींना आत्ताच सांगून ठेवले आहे.

टँकरवाल्याची मागची तीन बिले बाकी होती. पुरवठा थांबवायच्या आधीच ती चुकती केली, नंतर तोंड चुकवायची वेळ नको. पैसे मोजून घेतल्यावर त्याने विचारले, "शेठ, नळाला पाणी आलं नाही तर बोलवाल ना?" बोलवू, असे सांगितले आणि तेव्हाचा दर त्याच्याच हाताने वहीत लिहून घेतला. फाटकाजवळ टँकर कसा लावायचा, त्याची खूण चुन्याने मारून ठेवली आहे.