उसन्या आठवणींचा प्रदेश : 'स्ट्रेंजर थिंग्ज' ही मालिका आणि तिचा प्रेक्षक-प्रतिसाद

प्रस्तावना

१५ जुलै २०१६ रोजी नेटफ्लिक्स या आंतरजाल-आधारित चित्रसेवेवर 'स्ट्रेंजर थिंग्ज' या अमेरिकी मालिकेच्या पहिल्या पर्वाचे आठही भाग एकाच दिवशी उपलब्ध झाले. नोव्हेंबर १९८३ मध्ये इंडियाना राज्यातील हॉकिन्स या काल्पनिक गावातून विल बायर्स हा शाळकरी मुलगा नाहीसा होतो, त्याचे मित्र त्याचा शोध घेऊ लागतात, आणि गावालगतच्या सरकारी प्रयोगशाळेतून निसटलेली, 'इलेव्हन' या आकड्याने ओळखली जाणारी एक मुलगी त्यांना भेटते. आपल्या जगाच्या तळाशी त्याचीच काळवंडलेली प्रतिकृती असलेले एक 'उलटे जग' आहे आणि विल तेथे अडकला आहे, हे क्रमाने उलगडत जाते. पाच पर्वांची ही मालिका ३१ डिसेंबर २०२५ रोजी संपली.

मालिकेचे कलात्मक मूल्यमापन हा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. अतिमानुष भयकथा आणि स्मरणरंजन यांचे मिश्रण असलेल्या या कृतीला प्रेक्षकांनी जो प्रतिसाद दिला, त्याचे स्वरूप समजून घेणे एवढाच मर्यादित उद्देश येथे आहे. स्मरणरंजनाच्या आहारी गेलेला प्रेक्षक निष्क्रिय असतो, गोड भूतकाळात डुंबणे यापलीकडे तो काही करीत नाही, असा एक समज अभ्यासकांतही आढळतो. या मालिकेच्या प्रेक्षकवर्गाकडे पाहिले असता हा समज टिकत नाही. गतकाळातील कोणाची आठवण ठेवायची आणि कोणाची नाही, याचा निवाडा हा प्रेक्षक सतत करीत असतो. मात्र तो निवाडा न्याय्य असतोच असे नाही.

स्मरणरंजन : व्याधी ते वृत्ती

'नॉस्टॅल्जिया' हा शब्द जन्माला आला तो वैद्यकात. 'नॉस्टॉस' म्हणजे घरी परतणे आणि 'आल्गॉस' म्हणजे वेदना, या दोन ग्रीक शब्दांच्या संधीतून योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने १६८८ साली बाझेल येथे सादर केलेल्या प्रबंधात तो घडविला. मायभूमीपासून दूर असलेल्या स्विस लोकांना, विशेषतः परमुलखात चाकरी करणाऱ्या शिपायांना, जडणारी ती व्याधी मानली गेली. तिच्यावर उपाय होता, तो म्हणजे घरी परतणे. पुढे ही ओढ स्थळाकडून काळाकडे वळली आणि उपाय संपला, कारण काळात परतता येत नाही.

स्वेतलाना बॉइम यांनी २००१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात स्मरणरंजनाचे दोन प्रकार कल्पिले. हरवलेले घर जसेच्या तसे पुन्हा उभारू पाहणारे ते पुनःस्थापक स्मरणरंजन; आणि हरवल्याच्या जाणिवेत रेंगाळणारे, आठवणीतील भेगा न्याहाळणारे ते चिंतनशील स्मरणरंजन. हे दोन प्रकार व्यवहारात इतके सुटे सापडत नाहीत, हे येथे नमूद केले पाहिजे. एकाच मालिकेच्या एकाच प्रेक्षकात ते आलटूनपालटून डोके वर काढतात.

अर्जुन अप्पादुराई यांनी १९९६ मध्ये केलेले निरीक्षण प्रस्तुत विषयाला अधिक जवळचे आहे. ग्राहकाने जे कधी गमावलेलेच नाही त्याची हुरहुर बाजार त्याला लावतो. प्रत्यक्ष अनुभवाचा किंवा सामूहिक स्मृतीचा आधार नसलेल्या या हुरहुरीला त्यांनी आरामखुर्चीतील स्मरणरंजन म्हटले आहे.

कोणाचे दशक?

मालिकेचे निर्माते मॅट आणि रॉस डफर हे जुळे बंधू १९८४ साली जन्मले. ज्या वर्षी त्यांची कथा सुरू होते त्या वर्षी ते स्वतः जन्मलेलेही नव्हते. त्यांचे ऐंशीचे दशक प्रामुख्याने चित्रफितींतून आणि कादंबऱ्यांतून आलेले आहे. स्टीव्हन स्पिलबर्ग यांचा 'ई.टी.' (१९८२), जॉन कारपेंटर यांचा 'द थिंग' (१९८२), स्टीफन किंग यांची 'इट' (१९८६) ही कादंबरी या त्यातील ठळक खुणा होत. मालिकेच्या शीर्षकाची अक्षरे किंग यांच्या जुन्या कागदी बांधणीच्या पुस्तकांची आठवण करून देतात. पात्रयोजनाही त्याच धोरणाची आहे. विलच्या आईच्या भूमिकेत ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात पुढे आलेली विनोना रायडर आहे. दुसऱ्या पर्वात 'द गूनीज' (१९८५) या चित्रपटातील बालनट शॉन ॲस्टिन प्रौढ होऊन येतो.

मालिकेने उभा केलेला भूतकाळ हा अशा रीतीने प्रतिमांच्या प्रतिमांचा बनलेला आहे. हे ध्यानात घेतले म्हणजे १९८३ मध्ये शाळकरी असलेला प्रेक्षक आणि २००५ मध्ये जन्मलेला प्रेक्षक यांच्यातील अंतर वाटते तेवढे मोठे राहत नाही. पहिला प्रेक्षक आपण पाहिलेले चित्रपट आठवतो, दुसरा ते चित्रपट न पाहताच आठवू लागतो. घरगुती तारेचा दूरध्वनी, तळघरातील खेळाचा पट, दिवस मावळेपर्यंत सायकलवरून गावभर भटकण्याची मोकळीक यांविषयी तरुण प्रेक्षकांनी व्यक्त केलेली ओढ खोटी नव्हे. ती उसनी आहे. उसन्या वस्तूची माणूस पुष्कळदा अधिक काळजी घेतो, आणि या काळजीचा पहिला मोठा आविष्कार बार्ब या पात्राच्या संदर्भात झाला.

बार्बचे प्रकरण

बार्बरा हॉलंड ऊर्फ बार्ब हे पहिल्या पर्वातील एक दुय्यम पात्र आहे. जाड भिंगांचा चष्मा लावणारी, मैत्रिणीची काळजी वाहणारी ही मुलगी पोहण्याच्या तलावाकाठी एकटी बसलेली असताना उलट्या जगातील प्राणी तिला ओढून नेतो, आणि ती मरते. कथानकाच्या दृष्टीने तिचे काम तेथे संपते.

पण येथील विसंगती प्रेक्षकांनी अचूक हेरली. विलच्या शोधासाठी गाव रात्रभर कंदील घेऊन रानात हिंडते. दगडखाणीच्या पाण्यात सापडलेला बनावट मृतदेह खरा मानून त्याचा विधिवत दफनविधीही होतो. विल जिवंत असूनही त्याला अंत्यविधी लाभतो. बार्ब खरोखर मेलेली असताना तिची मोटार बसस्थानकावर सापडली म्हणून ती पळून गेली असे ठरविले जाते, आणि पर्व नाताळच्या सुखद दृश्याने संपते. तिच्यासाठी कोणी रडले नाही, हा आक्षेप २०१६ च्या उन्हाळ्यात 'बार्बला न्याय' या मागणीच्या रूपाने जगभर पसरला. त्यात विनोदाचा भाग होता हे खरे. तथापि केवळ विनोद म्हणून तिची वासलात लावता येत नाही. शाळेत कडेला बसणाऱ्या, कोणाच्याही कथेत नायिका नसणाऱ्या मुलींनी बार्बमध्ये स्वतःला पाहिले. स्वतः ऐंशीच्या दशकातील भयपटांचा एक अलिखित नियमच होता की अशी एखादी मैत्रीण आधी मरते आणि कथा पुढे जाते. मालिकेने तो नियम निष्ठेने पाळला, आणि प्रेक्षकांनी नेमक्या त्या निष्ठेवर बोट ठेवले. बॉइम यांच्या परिभाषेत बोलायचे तर निर्माते पुनःस्थापना करीत होते आणि प्रेक्षक चिंतन करीत होते.

परिणाम कथेवर झाला. २७ ऑक्टोबर २०१७ रोजी आलेल्या दुसऱ्या पर्वात बार्बचे आईवडील मुलीच्या शोधासाठी राहते घर विकायला काढतात. मैत्रीण नॅन्सी अपराधभावनेने सत्याच्या मागे लागते, प्रयोगशाळेतील अधिकाऱ्याची कबुली ध्वनिमुद्रित करते. परंतु उलट्या जगाची हकिकत लोकांना पचणार नाही, म्हणून मरे बाउमन हा खाजगी शोधक मद्यात पाणी घालून ते सौम्य करावे तसे सत्यही पातळ करण्याचा सल्ला देतो. मग रासायनिक गळतीची कथा रचली जाते, प्रयोगशाळा बंद पडते आणि अखेर बार्बचा अंत्यविधी होतो. प्रेक्षकांना न्याय मिळाला तोही असा, पाणी घातलेला. ही भूमिका करणाऱ्या शॅनन पर्सर हिला एवढ्या छोट्या कामासाठी २०१७ साली एमी पारितोषिकाचे नामांकन मिळाले.

स्टुअर्ट हॉल यांनी १९७३ मध्ये मांडलेल्या संकेतन-विसंकेतनाच्या प्रतिमानात प्रेक्षकाचे वाचन प्रभावी, तडजोडीचे वा विरोधी असू शकते. बार्बच्या प्रकरणात विरोधी वाचन पुढील संहितेतच सामावून घेतले गेले, ही या माध्यमाची नवी अवस्था होय.

ज्यांची रांग लहान राहिली

एवढ्यावर थांबल्यास प्रेक्षकाचे चित्र फारच उजळ दिसेल. मित्रांच्या मूळ चौकडीत लुकास हा एकमेव कृष्णवर्णीय मुलगा आहे. दुसऱ्या पर्वात, १९८४ च्या हॅलोवीनला, चौघे 'घोस्टबस्टर्स' चित्रपटातील वेश घालून शाळेत येतात. लुकासने विन्स्टन या कृष्णवर्णीय पात्राचाच वेश घ्यायला हवा होता, असे माइक गृहीत धरतो, आणि ते का, असा रोकडा प्रश्न लुकास विचारतो. दृश्य हलकेफुलके आहे, पण त्या दशकाच्या चित्रपटांत कृष्णवर्णीय मुलाच्या वाट्याला काय येत असे, याची कबुली त्यात आहे.

संहितेने दाखविलेली ही भेग पुष्कळ प्रेक्षकांना दिसली नाही. लुकासची भूमिका करणारा कॅलेब मॅकलॉघ्लिन याने २०२२ साली एका चाहता-संमेलनात जाहीरपणे सांगितले की आपल्या पहिल्याच अशा संमेलनात, आपण कृष्णवर्णीय असल्यामुळे, काहीजण आपल्या रांगेत उभे राहिले नव्हते, आणि सहकलाकारांच्या तुलनेत आपले चाहते कमी का, हा प्रश्न लहानपणी आपल्याला छळत असे. बार्बसाठी एकवटलेला प्रेक्षकसमूह आणि लुकासची रांग टाळणारा प्रेक्षक हे एकाच मालिकेचे आहेत. उसन्या घेतलेल्या दशकाबरोबर त्या दशकाची नजरही उसनी येते. मालिकेविषयीच्या लेखनात या बाबीला मिळालेली जागा बार्बच्या मानाने तोकडी आहे, हेही सूचक म्हटले पाहिजे.

बाजार आणि गाणे

४ जुलै २०१९ रोजी आलेल्या तिसऱ्या पर्वाची कथा १९८५ च्या उन्हाळ्यात 'स्टारकोर्ट' या झगमगत्या मॉलभोवती फिरते. त्याचे चित्रीकरण जॉर्जिया राज्यातील ओस पडत चाललेल्या एका खऱ्या मॉलमध्ये झाले. त्याच निमित्ताने कोका-कोला कंपनीने १९८५ साली ग्राहकांनी नाकारलेले 'न्यू कोक' हे पेय मर्यादित प्रमाणात पुन्हा बाजारात आणले. ज्या पेयाच्या आठवणी मुळात अप्रिय, तेही स्मरणरंजनाच्या पाकात घोळले की विकाऊ होते. अप्पादुराई यांच्या विधानाला याहून नेमके उदाहरण शोधावे लागू नये.

२०२२ च्या चौथ्या पर्वातील केट बुश यांच्या 'रनिंग अप दॅट हिल' या गाण्याचे प्रकरण मात्र एवढे सरळ नाही. भावाच्या मृत्यूने खचलेल्या मॅक्स या मुलीला वेक्ना हा खलपुरुष आपल्या कह्यात घेतो, तेव्हा तिचे आवडते गाणे कानाशी लावून मित्र तिला परत आणतात. १९८५ साली ब्रिटनमध्ये तिसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचलेले हे गाणे जून २०२२ मध्ये तेथे प्रथम क्रमांकावर आले. अमेरिकेतील मुख्य यादीत पूर्वी तिसाव्या स्थानी थांबलेले ते या वेळी तिसऱ्या स्थानी गेले. ही स्मरणरंजनाची लाट होती असे सर्रास म्हटले गेले. परंतु कथेतील काळ १९८६ चा आहे. मॅक्ससाठी ते जुने गाणे नाही, ते आदल्याच वर्षीचे आहे. मॅक्सच्या वयाच्या प्रेक्षकांनीही ते नवे म्हणूनच ऐकले. आठवण होती ती त्यांच्या पालकांची. दुःखाशी झगडणाऱ्या मुलीच्या हातचा दोर म्हणून गाणे त्यांच्यापर्यंत पोहोचले, आणि दशकाची खूण ही बाब तेथे गौण ठरली.

मराठी प्रेक्षकाची वाट

नेटफ्लिक्स ही सेवा भारतात जानेवारी २०१६ मध्ये, म्हणजे मालिकेच्या अवघे सहा महिने आधी सुरू झाली. भारतीय प्रेक्षकाचे १९८३ हे क्रिकेटच्या विश्वचषकाचे, दिल्लीच्या आशियाई स्पर्धांनिमित्त नुकत्याच रंगीत झालेल्या दूरदर्शनचे वर्ष. तळघरे, मॉल, सोंगट्यांचे कल्पनाखेळ यांतले काहीच त्याच्या आठवणीत असण्याचा संभव नाही.

तरीही एक आडवाट मराठी वाचकाला उपलब्ध होती. नारायण धारप (१९२५–२००८) यांची 'लुचाई' ही कादंबरी स्टीफन किंग यांच्या 'सेलम्स लॉट' (१९७५) या कादंबरीवर आधारलेली आहे. लहान गाव, त्यावर हळूहळू पसरणारे अभद्र, आणि ते आधी ओळखणारे मोजके जण हा साचा वाचनालयातून धारप आणणाऱ्या पिढीच्या परिचयाचा होता. अशा वाचकाला हॉकिन्स अगदीच परके वाटत नाही. त्याने ते गाव मराठीत आधी पाहिलेले असते. महाविद्यालयीन वर्गात आज बसणाऱ्या विद्यार्थ्याची मात्र ही वाट बहुधा हुकलेली असते. तो हॉकिन्समध्ये थेट उतरतो.

शेवट न मानणारे प्रेक्षक

अखेरचा भाग भारतात १ जानेवारी २०२६ च्या पहाटे पाहता आला. उत्तरकथेत मुले शाळेचे शिक्षण पूर्ण करतात, तळघरात शेवटचा डाव खेळतात, आणि नाहीशी झालेली इलेव्हन कदाचित दूर कोठेतरी जिवंत असेल अशी कथा माइक मित्रांना सांगतो. खेळाच्या वह्या फळीवर ठेवून सारे वर जातात. माइकची धाकटी बहीण आपल्या मैतरांसह त्याच टेबलाशी येऊन बसते.

यानंतरच्या आठवड्यात चाहत्यांच्या एका मोठ्या गटाने असे मत मांडले की हा सुखांत खरा नाही, तो वेक्नाने दाखविलेला आभास आहे, आणि खरा शेवटचा भाग ७ जानेवारी २०२६ रोजी येणार आहे. पुराव्यादाखल दृश्यांतील रंग, पात्रांच्या बसण्याची ढब, मागील वस्तूंच्या जागा यांची बारकाईने छाननी झाली. या वेळी प्रेक्षकांची मागणी न्यायाची नव्हती; निरोप पुढे ढकलण्याची होती. माइकने मित्रांना जे सांगितले तेच त्यांनी स्वतःला सांगितले, फरक इतकाच की माइकला आपण गोष्ट सांगत आहोत हे ठाऊक होते. ७ जानेवारीला नवा भाग आला नाही.