विसर्ग आणि संगणक

संगणक आतां घरोघरीं आला आहे. शहरांची गोष्ट सोडाच. आमच्या हरसूलसारख्या डोंगरांतील गांवींही लग्नपत्रिकांपासून कुलवृत्तान्तापर्यंत सर्व लेखन त्यावरच चालतें. सोय उत्तम आहे. परंतु ज्या घरांत ऱ्हस्वदीर्घाची चूक खपत नाहीं, तेथेंही चिन्हांविषयीं मात्र हयगय होते. तिजकडे सुज्ञ गृहस्थांचें लक्ष वेधणें आम्हांस अवश्य वाटतें.

आपल्या जुन्या पोथ्यांत दंड आणि द्विदंड यांवरच बहुतेक काम भागे. स्वल्पविराम, प्रश्नचिन्ह इत्यादि इंग्रजी वळणाचीं चिन्हें मराठींत रुजविण्याचें श्रेय मेजर कँडी यांस दिलें जातें. त्यांची 'विरामचिन्हांची परिभाषा' १८५० सालीं निघाली. याच परिवारांतील अपूर्णविराम दिसण्यांत थेट विसर्गासारखा. दोहोंतही दोन ठिपके.

हातानें लिहितांना ह्या साम्यानें कांहीं बिघडत नसे, कारण वाचणारा संदर्भावरून जाणे. संगणकास संदर्भ कळत नाहीं. त्यास प्रत्येक चिन्हाचा ठरलेला क्रमांक तेवढा कळतो. युनिकोड नामक जागतिक संकेतांत विसर्गाचा क्रमांक निराळा, अपूर्णविरामाचा निराळा. 'अंतःकरण' किंवा 'दुःख' लिहितांना विसर्गाच्या जागीं अपूर्णविराम घातला, तर कागदावर फरक सहसा जाणवत नाहीं. पण पुढें नातवानें तो शब्द संगणकांत शोधला, तर समोर असूनही तो सांपडणार नाहीं. दंडाऐवजीं इंग्रजी उभी रेघ ओढली तरी तीच गत.

उपाय सोपा आहे. सरकारमान्य इन्स्क्रिप्ट कळफलकावर शून्याच्या उजवीकडील कळ शिफ्टसह दाबली कीं विसर्ग उमटतो. पूर्णविरामाची कळ शिफ्टसह दाबली कीं दंड. 'र'ची कळ शिफ्टसह दाबून पुढें हलन्ताचें चिन्ह व 'य' दिला कीं 'ऱ्य' होतो. हा शेवटचा भेद तर अर्थाचाच आहे: 'आचार्यांना' आसन द्यावयाचें, 'आचाऱ्यांना' स्वयंपाकाचें साहित्य!

आणखी एक नियम. विरामचिन्ह मागील शब्दास चिकटून असावें, आणि त्यानंतर एक जागा सोडावी. मध्यें जागा राहिली, तर तें एकटेंच पुढील ओळीच्या आरंभीं जाऊन बसण्याचा संभव असतो.

आजोबांच्या वहींतील स्तोत्रें ज्या घरांत सध्यां उतरवून घेतलीं जात आहेत, त्यांनीं एवढी दक्षता अवश्य घ्यावी. जें क्षर पावत नाहीं तें अक्षर, असें आपण म्हणतों. पण संगणकांत तें टिकूनही हरवूं शकतें.