साडेतीन चरणांचा संसार

‘स्मृतिचित्रे’ वाचली नाहीत असा मराठी वाचक विरळा. निदान शाळेच्या पुस्तकातला एखादा उतारा तरी डोळ्यांखालून गेलेला असतो. पण ‘ख्रिस्तायन’ वाचले का, असे विचारले की समोरचा माणूस विषय बदलतो. नारायण वामन टिळकांचे ते अपुरे महाकाव्य, एवढीच त्याची ओळख उरली आहे. ते अपुरे राहिले नाही, त्याचा फार मोठा भाग टिळकांचा नाहीच, आणि ज्या बाईने ‘स्मृतिचित्रे’ लिहिली तिनेच आपल्या आयुष्याच्या उत्तरार्धात त्याच्या हजारो ओव्या रचल्या, हे सांगितले तर ऐकणाऱ्याला नवल वाटते.

मला या पुस्तकाचे वेड जुने आहे आणि त्याचे कारण साहित्यिक नाही, हिशेबी आहे. ‘ख्रिस्तायन’चे अध्याय शहात्तर. पहिले अकरा टिळकांचे. पुढचे चौसष्ट लक्ष्मीबाईंचे. शेवटचा एक त्यांचे चिरंजीव देवदत्त यांचा. १९१९ साली टिळक गेले, १९३६ साली लक्ष्मीबाई गेल्या, आणि ग्रंथ छापून आला १९३८ साली. नवऱ्याने आरंभलेले, बायकोने चालवलेले आणि मुलाने पुरे केलेले असे दुसरे दीर्घकाव्य मराठीत मला माहीत नाही.

या घराची कथा सर्वांना पाठ आहे, म्हणून ती धावत सांगतो. टिळकांचा जन्म १८६१ सालचा, कोकणातला. लक्ष्मीबाई नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची मनू. सत्तावनच्या बंडात तिच्या आजोबांना फाशी झाली, तिच्या वडिलांनी सोवळ्याचा असा ध्यास घेतला की घरात मीठ-साखरसुद्धा धुऊन घेण्यापर्यंत मजल गेली. अकराव्या वर्षी लग्न. नवरा बुद्धिमान, शीघ्रकवी आणि संसाराला पूर्ण कुचकामी. पैसा हातात ठरत नसे आणि न सांगतासवरता घर सोडून निघून जायची खोड. १८९३ साली राजनांदगावकडे जाताना आगगाडीत एका युरोपीय प्रवाशाने टिळकांना ‘नवा करार’ दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. लक्ष्मीबाई त्या वेळी सव्वीस वर्षांच्या, पदरात लहानगा दत्तू, म्हणजेच देवदत्त.

येथवर सगळे ‘स्मृतिचित्रां’त आहे. पण त्या पुस्तकाशेजारी एक रुक्ष कागद ठेवून वाचावा असे मला नेहमी वाटत आले आहे. तो म्हणजे १८६६ सालचा एकविसावा कायदा, धर्मांतरितांच्या विवाहविच्छेदाचा.

हा कायदा फक्त ख्रिस्ती झालेल्यांसाठी होता. नवऱ्याने किंवा बायकोने ख्रिस्ती धर्म स्वीकारला, आणि त्या कारणावरून जोडीदार सलग सहा महिने नांदायला नकार देत राहिला, तर ख्रिस्ती झालेल्या माणसाला न्यायालयात जाता येई. मग दुसऱ्या बाजूला बोलावून विचारायचे: नांदणार की नाही? नाही म्हटले आणि कारण धर्मांतर हेच निघाले, तर खटला वर्षभर तहकूब. वर्षाने पुन्हा तोच प्रश्न. पुन्हा तेच उत्तर आले तर लग्न मोडले. त्यानंतर दोघेही दुसरे लग्न करायला मोकळे, पहिले लग्न जणू मृत्यूने संपले असावे त्याप्रमाणे.

हे शेवटचे कलम नाशिकच्या ब्राह्मण आळीत नेऊन वाचा. सरकारच्या लेखी मृत्यूने लग्न संपलेली ब्राह्मण स्त्री म्हणजे कोण, हे तिथल्या कुठल्याही शेजारणीने सांगितले असते. विधवाविवाहाचा कायदा १८५६ पासून पुस्तकात होता, पण पुस्तकातच. आणि बाईला कोर्टात खेचण्याची किंमत काय असते, हे नवऱ्याकडे नांदायला जाण्यावरून झालेल्या दादाजी आणि रखमाबाईंच्या खटल्याने साऱ्या मुंबई इलाख्याला नुकतेच दाखवले होते. नवधर्मीयांना न्याय द्यावा या हेतूने केलेला हा कायदा बायकोला असा प्रश्न विचारत होता, ज्याची दोन्ही उत्तरे तिला बुडवणारी होती.

टिळकांनी सहा महिने मोजले नाहीत. कोर्टात गेले नाहीत, दुसरे लग्न केले नाही. संसाराच्या कामात बेभरवशी असलेल्या या माणसाने येथे मात्र भरवसा राखला, आणि त्याचे श्रेय त्याला पुरेसे मिळालेले नाही असे माझे मत आहे. साडेचार-पाच वर्षे ताटातूट राहिली. लक्ष्मीबाई पंढरपूरला बहिणीच्या घरी होत्या, नाशिकला होत्या. मुलगा त्यांच्याजवळ. टिळकांची पत्रे येत, रागावलेली, विनवणारी, कधी दोन्ही एकदम. याच काळात लक्ष्मीबाई कविता करू लागल्या. नवऱ्यानेच त्यांना अक्षरओळख करून दिली होती. त्याच अक्षरांत आता त्याच्याशी भांडण चालू झाले.

पुढे त्या अहमदनगरला आल्या त्या नांदायला. ख्रिस्ती व्हायला नव्हे. एका अंगणात दोन स्वयंपाक झाले. पाद्र्याच्या वाटेवर असलेला नवरा आणि सोवळे पाळणारी बायको. बायकोला तिच्या गतीने येऊ द्यावे एवढे शहाणपण टिळकांना होते आणि न पटलेली गोष्ट मान्य न करण्याइतकी लक्ष्मीबाई पक्क्या होत्या. राहुरीला असताना एके दिवशी जातिभेद माणसानेच केला असला पाहिजे, असा विचार त्यांच्या मनात आला आणि कोणाच्याही हातचे पाणी प्यायचे त्यांनी ठरवले. धर्मग्रंथाच्या वाचनाने नव्हे, पाण्याच्या तांब्यावरून. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

आता गाण्याकडे येतो, कारण या दोन स्वयंपाकांचा आणि मराठी ख्रिस्ती गाण्याचा संबंध मला फार जवळचा वाटतो.

अमेरिकन मराठी मिशन मुंबईत १८१३ पासून आणि नगरला १८३१ पासून होते. मंडळ्यांमध्ये गाणे होते, पण त्यातले पुष्कळसे इंग्रजी चालींवर बसवलेल्या भाषांतरांचे. १८७० नंतर आयरा सँकी आणि मूडी या जोडीच्या सभांनी इंग्लंड-अमेरिका हलवून सोडली, ‘गॉस्पेल’ गीतांचे संग्रह जगभर गेले आणि त्या चाली मिशनच्या आवारांतही वाजू लागल्या. चाली गोड होत्या, यात वाद नाही. अडचण वेगळीच होती. इंग्रजी चाल आघातावर चालते, मराठी पद मात्रांवर. ‘करुणा’ हा शब्द घ्या. पहिली दोन अक्षरे ऱ्हस्व, ओझरती. वजन शेवटच्या ‘णा’वर. इंग्रजी चालीचा जोर पहिल्या सुरावर पडला की गाणारा नाइलाजाने ‘काऽरुणा’ म्हणतो. ‘प्रभू’चा ‘प्राऽभू’ होतो. अर्थ कळतो, पण कान मागे सरतो. पिढ्यान्‌पिढ्या भजन ऐकलेला माणूस अशा गाण्यात पाहुण्यासारखा बसतो.

यावर इलाज टिळकांच्या आधीच सुरू झाला होता. नगरच्याच कृष्णराव सांगळे यांनी देशी चालीची पदे रचली, ख्रिस्ती कीर्तनाला उभे राहून दाखवले. मराठी संगीताच्या इतिहासात सांगळ्यांचे नाव ज्या सहजपणे गाळले जाते, ते मला खटकते. कीर्तनाची परंपरा सांगताना आपण नारदीय, वारकरी, रामदासी असे मोजतो. एकोणिसाव्या शतकात नगर जिल्ह्यात मृदंग-झांजांच्या साथीने येशूचे आख्यान लावणारे कीर्तनकार त्या मोजणीत येत नाहीत. वारकऱ्यांना ते परके आणि संगीताच्या अभ्यासकांना ते धर्मप्रचारक. दोन्हीकडून हकालपट्टी.

टिळकांनी या पायवाटेचा रस्ता केला. त्यांनी शेकडो पदे आणि अभंग लिहिले. मराठी मंडळ्यांच्या ‘उपासना संगीता’त आजही त्यांचा वाटा सर्वांत ठसठशीत आहे. १८८० साली ‘शाकुंतल’ आणि १८८२ साली ‘सौभद्र’ ही संगीत नाटके रंगभूमीवर आली, त्या काळात ते वाढलेले. साकी, दिंडी, आर्या, कामदा त्यांच्या कानात होत्याच. पण त्यांचा खरा गुरू तुकाराम. तुकोबांच्या आधाराने आपण ख्रिस्तापर्यंत पोचलो असे ते उघड सांगत. म्हणून त्यांचा अभंग देवाशी भांडतो, रुसतो, लाडात येतो. पाश्चात्त्य स्तोत्रात देव उंच सिंहासनावर असतो; टिळकांच्या पदांत तो घरातला होतो, आईही होतो. मिशनरी निकोल मॅक्निकल यांनी त्यांतली काही इंग्रजीत नेली आणि ती तिकडच्या स्तोत्रसंग्रहांत गेली. सँकीच्या चाली ज्या वाटेने नगरला आल्या, त्याच वाटेने टिळकांचे शब्द उलटे गेले.

हा घरगुती देव टिळकांना फक्त तुकारामाने दिला, असे मला वाटत नाही. भांडणारी, हट्टी, आपला चुला वेगळा ठेवूनही नाते न तोडणारी बायको त्यांच्या अंगणातच होती. रुसवा आणि निष्ठा एकत्र कशी नांदतात याचे प्रात्यक्षिक ते रोज पाहत होते. पुरावा मागाल तर अर्थातच नाही. पण १८९५ च्या आधीच्या पंडिती टिळकांना नंतरच्या अभंगांशेजारी ठेवले की मधल्या पाच वर्षांनी काहीतरी केले, हे जाणवते.

मिशनशी टिळकांचे पटले आणि पटलेही नाही. १९०४ साली ते पाळक झाले, पुढे ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकाची मराठी बाजू सांभाळू लागले. दरम्यान १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात ठोंबरे नावाचा मुलगा ‘बालकवी’ झाला आणि पुढे टिळकांच्या घरी घरचा होऊन राहिला. घरात कवी, अनाथ मुले, पाहुणे आणि कर्ज यांची वर्दळ कायमची. पण पगारी धर्मसेवा आणि साहेबी वळणाचे चर्च यांचा टिळकांना उबग येत गेला. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त चालणार होते. बाप्तिस्मा न घेतलेली भक्त मंडळी ही कल्पना अनेकांना धक्कादायक वाटली. मला ती त्यांच्या संसारातून आलेली वाटते: ज्या घरात वेगळ्या धर्माची माणसे काही काळ एका छपराखाली नांदली, त्या घराचा मालक दुसरे काय काढणार? दरबार फार चालला नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईत जे. जे. रुग्णालयात टिळक वारले. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांना दफन न करता दहन करण्यात आले. ख्रिस्ती पाळकाच्या बाबतीत ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

आणि अकरा अध्याय मागे राहिले.

मराठीत ख्रिस्तचरित्राची ओवी नवी नव्हती. गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने १६१६ साली सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ छापले होते. १९०७ साली मंगळूरहून साल्ढाणांनी त्याची नवी आवृत्तीही काढली होती. पण स्टीफन्सची भाषा तीनशे वर्षे मागची. टिळकांना आजच्या मराठीत ग्रंथ हवा होता आणि तो अकराव्या अध्यायावर थांबला.

पुढे काय झाले ते नुसत्या क्रमाने पाहा. विधवा लक्ष्मीबाईंनी मुंबईत मुलींच्या वसतिगृहात काम केले, ते सुटले. मुलाबरोबर कराचीला गेल्या, भाषा येत नसताना तिथे घर मांडले. परत नाशिकला आल्या. शाळा त्यांनी अशी पाहिलीच नव्हती. इंग्रजी नाही, संस्कृत नाही. त्या बाईने चौसष्ट अध्याय रचले, म्हणजे नवऱ्याच्या जवळजवळ सहापट. ओवीची बांधणी साधी दिसते: तीन चरणांना यमक, चौथा आखूड, साडेतीनावर श्वास. जात्यावर बसणाऱ्या कुठल्याही बाईला तो श्वास ठाऊक असतो. टिळकांच्या अध्यायांत अभ्यासू कवी उभा आहे. लक्ष्मीबाईंच्या अध्यायांत बाई बसून सांगते आहे, तीच जी ‘स्मृतिचित्रां’त सांगते. सगळ्या चौसष्टांत सारखे तेज आहे असे नाही. काही ठिकाणी कथा नुसती पुढे ढकललेली आहे आणि तिथे मीही पाने उलटली आहेत. पण जिथे माणसे घराच्या उंबऱ्यात उभी राहून बोलतात तिथे त्या रंगात येतात.

याच सुमारास देवदत्तांच्या आग्रहाने ‘संजीवनी’ मासिकात ‘स्मृतिचित्रे’ क्रमशः येऊ लागली. १९३४ पासून त्यांचे भाग पुस्तकरूपाने निघाले, आणि पुढची सगळी वाहवा त्या पुस्तकाने नेली. विजया मेहतांनी त्यावर चित्रपट केला, इंग्रजीत ते एकाहून अधिक वेळा गेले, नातू अशोक देवदत्त टिळकांनी साक्षेपी आवृत्ती काढली. हे सगळे योग्यच झाले. पण त्यातून एक वाटणी रूढ झाली: टिळक गाणारे, लक्ष्मीबाई सांगणाऱ्या. देवळात त्यांची पदे, वर्गात हिचे किस्से. ‘स्मृतिचित्रे’ची विनोदी, भोळी बाई आपल्याला इतकी आवडली की चौसष्ट अध्यायांची कवयित्री आपण पाहिलीच नाही.

टिळकांना ‘फुलामुलांचे कवी’ म्हणताना त्यांचा भांडखोर अभंग जसा हरवतो, तसाच लक्ष्मीबाईंना ‘टिळकांची बायको’ म्हणताना तिचा ग्रंथ हरवतो. विद्यापीठांनी ‘स्मृतिचित्रे’ लावताना ‘ख्रिस्तायन’मधले दोन अध्याय सोबत लावावेत, एक अकरांतला आणि एक चौसष्टांतला. विद्यार्थी त्यांची तुलना करतील, आणि कोण सरस यावर वाद घालतील. त्या घरात असा वाद आयुष्यभर चालला होता. १८६६ च्या कायद्याने तो दोन पेशींत मिटवला असता.